नळी, गज आणि चाडं

आमचा भाग भुदरगडचा. वर डोंगराला लागून नाचणी आणि भुईमूग, खाली ओढ्याकाठी ऊस. या रानात शेतकऱ्याचा खरा वाटेकरी म्हणजे रानडुक्कर. भुईमूग भरत आला की एका रात्रीत कळप येतो आणि अर्धा एकर उकरून जातो. सकाळी बांधावर उभं राहिलं की नांगरट केल्यागत दिसतं. त्यामुळं आमच्याकडं बंदूक हा शौक नव्हे. विळा, कुदळ, मोट, तशी ती कुणबिकीतलीच एक वस्तू. 1959 च्या शस्त्र कायद्यातसुद्धा पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितलेला आहे. आता डुकरावर बार टाकायचा तर वन खात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती लागावी हेही बरोबरच आहे.

आमच्या घरात मात्र ठासणीची नाही, रायफल होती. माझे चुलते, तात्या, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी परवाना काढून 315 बोअरची रायफल घेतली. ही आपल्याच देशातल्या सरकारी कारखान्यात झालेली, पलटणीतल्या जुन्या 303 च्या घडणीवर बेतलेली. तात्यांची भरती 1960 ची, हाताला 303 चीच सवय. नवी रायफल घरी आली तेव्हा ते म्हणाले होते, "हिची बहीण मी पंजाबात सांभाळलीया."

रायफलीची नळी आतून गुळगुळीत नसते. तिला पिळाचे आटे असतात. गोळी त्या आट्यांत फिरत पुढं जाते, म्हणून सरळ जाते. बारा बोअरच्या बंदुकीला आटे नसतात, ती मधे मोडते, मागून गज घातला की काम झालं. रायफलीचं तसं नाही. आट्यांची धार जिथं सुरू होते ती मागची जागा, आणि गोळी जिथून सुटते ते पुढचं तोंड, या दोन जागा म्हणजे रायफलीचे डोळे. यांतला एक गेला तरी ती आंधळी.

तात्यांची साफसफाई म्हणजे पूजाच असायची. आधी रायफल रिकामी आहे का, हे डोळ्यानं बघायचं आणि मग करंगळी घालून चाचपायचं. मग बोल्ट ओढून वेगळा काढायचा. पलटणीत पुलथ्रू असायचा: दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फास. फासात चार बाय दोन इंचाची चिंधी अडकवायची, वजन मागून नळीत सोडायचं आणि पुढून दोरी ओढायची. "दोरी वाकडी वढलीस तर ती तोंड खाती," असं ते सांगायचे. दोरीनं लोखंड कसं झिजेल, असं मला लहानपणी वाटायचं. मग विहिरीच्या दगडी काठावर कासऱ्यानं पडलेल्या खाचा ते दाखवायचे. पुढं बोलायची गरज उरायची नाही.

जुन्या जातीची काडतुसं असली तर आणखी एक काम. त्यांच्या टोपीतल्या दारूचा जळून क्षार उरतो. तो मिठासारखा हवेतलं पाणी ओढतो आणि आमच्या पावसाळ्यात दोन दिवसांत नळीला तांबेरा धरतो. तेलानं तो क्षार जात नाही. त्याला पाणीच लागतं. तात्या नरसाळ्यानं मागून उकळतं पाणी ओतायचे, नळी तापली की ती आपोआप वाळायची, मग तेलाची चिंधी.

वादाला सुरुवात झाली ती माझ्या थोरल्यामुळं. तो कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काम करतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलायची त्याला सवय. एका दिवाळीला तो आला आणि म्हणाला, "आजोबा, गज घालताना बोअर गाईड वापरत जाऊ या."

"ते आनि काय?"

त्यानं समजावलं. बोल्ट काढला की त्याची जागा मोकळी होते. त्या जागेत बसेल अशी एक नळकांडी करायची, नायलॉनची. तिचं पुढचं टोक काडतुसाच्या घरात नेमकं बसतं आणि तिच्या मधल्या भोकातून गज जातो. गज मग नळीच्या अगदी मध्यातूनच शिरतो. ढकलताना वाकला तरी आट्यांच्या सुरुवातीला घासत नाही. शिवाय साफ करायचं औषध आणि काळी घाण मागं गळून चापाच्या यंत्रात आणि दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.

तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंधरा वरसं पलटणीत काढली. आमचा हातच गाईड व्हता. असली टेकू देऊन कामं केली की हात आंधळा हुतो, पोरा."

मी दोघांच्या मधे बसलेला. मला दोघांचंही पटत होतं. पण या वादाला मी नुसती करमणूक समजत नव्हतो, त्याला कारण होतं.

पलीकडच्या वाडीत एका गृहस्थाकडं तसलीच रायफल होती. त्यांची पद्धत अशी, की बोल्ट काढायचा कंटाळा म्हणून पुढून तोंडातूनच गज घालायचा. गजही तीन तुकड्यांचा, आट्यांनी जोडायचा, सांध्यावर किंचित उंचवटा असलेला. अशी वीसेक वर्षं गेली. एका साली परवानगी असताना त्यांनी उसाच्या कडेला डुकरावर बार टाकला. अंतर फार नव्हतं, माणूसही कच्चा नव्हता. गोळी वीतभर मागं लागली. जखमी डुक्कर उसात शिरलं, आणि दुसऱ्या दिवशी पाला काढायला गेलेल्या गड्याची मांडी त्यानं सुळ्यानं फाडली. गडी वाचला, पण आजही चढाला पाय ओढत चालतो. पुढं बंदूक दुरुस्तीच्या कारागिरानं ती रायफल पाहिली तेव्हा तोंडाची कड एका अंगाला झिजलेली होती. गोळी सुटताना मागचा वायू सगळीकडून सारखा सुटला पाहिजे. एका बाजूनं आधी सुटला तर तो गोळीला ढकलतो. केवळ त्यामुळंच नेम चुकला असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण तो गडी चालताना दिसला की मला ती कड आठवते.

म्हणून मी तात्यांना विचारलं, "तात्या, काकूंचा पेरणीतला हात कसा होता?"

"तिच्यागत मूठ पंचक्रोशीत न्हवती."

"मग त्या चाड्याशिवाय का पेरत नव्हत्या?"

तात्या गप्प झाले. ज्यांनी कुरी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कुरीवर लाकडी चाडं असतं, वाडग्यासारखं, तळाला भोकं. पेरणारीण मुठीतून दाणे त्यात सोडते आणि नळ्यांतून ते नेमके तासात पडतात. मूठ सराईत असली तरच पेर एकसारखी होते, हे खरंच. पण मूठ कितीही सराईत असली तरी चाडं लागतंच. चाड्यानं मूठ आंधळी होत नाही. मुठीचं कसब दाण्याची गती राखण्यात खर्च होतं, जागा चाडं राखतं.

बराच वेळानं तात्या म्हणाले, "कर तुझं चाडं. पर ढिलं झालं तर फेकून दीन."

ही अट मात्र लाखाची होती. गाईड ढिलं असेल तर गज मधोमध राहत नाही आणि आपण मात्र निर्धास्त असतो. म्हणजे नसलेलं बरं. पोरानं माप घेताना झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी नेली, कारण बार उडताना पुंगळी फुगून घराचाच आकार घेते. त्या मापापेक्षा केसभर बारीक असं टोक त्यानं लेथवर काढलं. बोल्टाच्या वाटेत बसेल असा मागचा भाग, आणि गजापुरतंच भोक. गजही सांध्याचा बदलून एकसंध घेतला.

तात्यांनी ते बसवून पाहिलं, हलवून पाहिलं, गज आत-बाहेर केला. "बसलं," एवढंच म्हणाले. हवालदाराकडून एवढं मिळालं म्हणजे पदकच.

वापरताना आम्ही काही गोष्टी ठरवल्या. गाईड बसवण्याआधी आतून पुसायचं, कारण त्यात एक वाळूचा कण राहिला तर तोच कानशीचं काम करतो. गजही दर खेपेला चिंधीनं पुसायचा. ब्रश नळीत मधेच उलटा फिरवायचा नाही, पार बाहेर काढायचा. आणि उगाच घासत बसायचं नाही. नळ्या बारांनी झिजतात त्याहून वेड्यावाकड्या घासण्यानं जास्त बिघडतात, असं जाणते लोक म्हणतात. रोज खुरपलेलं रोप जगत नाही, तसंच ते. ठासणीच्या बंदुकीला मागून वाटच नसते, तिथं पुढूनच गज घालावा लागतो. अशा वेळी तोंडावर बसणारी पितळी टोपी वापरावी, म्हणजे गज कडेला लागत नाही. तत्त्व एकच: लोखंडाच्या नाजूक जागेला लोखंड लागू द्यायचं नाही.

तात्या जाऊन आता काही वर्षं झाली. वारसाचे कागद, ठाण्यातल्या खेपा, सगळं होऊन रायफल पोराच्या परवान्यावर चढली. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होते, परत आली की पहिल्यांदा बोल्ट काढून उजेडाकडं नळी धरायची. आट्यांचा पीळ अजून स्वच्छ चमकतो.

माझा नातू आता बारा वर्षांचा आहे. रायफलीला हात लावायची त्याला परवानगी नाही, ती कपाटात कुलपात आणि बोल्ट दुसऱ्या कुलपात असतो. पण साफसफाईच्या वेळी तो शेजारी बसून चिंध्या मापानं कातरून देतो. परवा त्यानं बापाला विचारलं, "आधी करंगळी घालून बघितलीस का?" चाडं कुणीही लेथवर करून देईल. ही मूठ मात्र घरातच तयार व्हावी लागते.