आम्हीं परत घेतलेलें एक उत्तर

"सर, विश्वास आरंभ आहे असें शास्त्रज्ञ म्हणतात, मग उत्पत्तीचा पहिला अध्याय सिद्ध झाला ना?" असें गतवर्षीं एका विद्यार्थ्यानें विचारलें व आम्हीं आनंदानें "होय" म्हटलें. हें उत्तर आम्ही पुष्कळ वर्षें देत आलों होतों.

पुढें जॉर्ज लमेत्र यांचें चरित्र वाचलें आणि ओशाळल्यासारखें झालें. हे बेल्जियमचे रोमन कॅथलिक धर्मगुरु व गणिती. विश्व प्रसरण पावत आहे, हें त्यांनीं १९२७ सालीं मांडलें. तें एका आद्य परमाणूपासून निघालें असावें, असें १९३१ सालीं सुचविलें. १९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं अशा शोधांत सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली, तें लमेत्र यांस रुचलें नाहीं. हा सिद्धांत मानूनही नास्तिकास नास्तिक राहतां येतें, असें त्यांनीं १९५८ सालीं स्पष्ट सांगितलें. स्वतः ते मात्र १९६६ सालीं मरेपर्यंत धर्मगुरुच राहिले! उद्यां शास्त्राचें मत पालटलें, तर आमच्या "होय"चें काय होणार होतें?

त्या मुलास बोलावून आम्हीं आपलें उत्तर परत घेतलें. तो हिरमुसला. त्याच्या वडिलांचें, जरा रागाचेंच, पत्र आलें आहे. येत्या शनिवारीं ते भेटावयास येणार आहेत.