मालक नाही, पण राखणदार आहे

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता निरोप पोस्टमनच्या पिशवीतून कमी आणि मोबाईलवरून अधिक येतात. आमच्याकडे येणारी तरुण मुले उत्साहाने सांगतात, "फादर, आता मालक नसलेली समाजमाध्यमे निघाली आहेत. तेथे आपली माहिती कोणी विकत नाही." त्यांचा उत्साह आम्हांला समजतो. परंतु 'मालक नाही' या शब्दांचा अर्थ पारखून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

भारतात या माध्यमांकडे अनेकांचे लक्ष गेले ते २०१९ साली. सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. त्यांनी लावलेले छायाचित्र १९३६ सालच्या जर्मनीतील होते : सारा जमाव नाझी सलामी देत आहे आणि एकच माणूस हात बांधून उभा आहे. त्यानंतर नोव्हेंबरात अनेक भारतीय 'मॅस्टोडॉन'कडे वळले. २०१६ साली जर्मनीत सुरू झालेले हे माध्यम.

त्याची रचना एका महानगरासारखी नसून अनेक खेड्यांसारखी आहे. प्रत्येक सर्व्हर हे जणू एक गाव. चालक वेगळा, नियम वेगळे, तरीही गावोगावी निरोपांची ये-जा. एका ठिकाणी जे खपत नाही, ते दुसरीकडे खपते. एखादे गाव द्वेष पसरवू लागले, तर इतर गावे त्याला वाळीत टाकतात. जुलै २०१९ मध्ये 'गॅब' हे वादग्रस्त माध्यम याच प्रणालीवर आले, तेव्हा अनेक सर्व्हरांनी तसेच केले. मात्र वाळीत पडलेले गाव नाहीसे होत नाही.

आता खासगीपणाविषयी. मॅस्टोडॉनमध्ये जाहिरातींसाठी पाळत नाही, ही समाधानाची गोष्ट. परंतु तेथे धाडलेला खासगी निरोप म्हणजे बंद पाकीट नव्हे, ते पोस्टकार्ड आहे. सर्व्हरचा चालक मनात आणील तर ते वाचू शकतो. शिवाय इतर सर्व्हरांवर पोहोचलेला मजकूर आपण पुसला, तरी तेथील प्रत पुसली जाईलच याची हमी नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हक्क मिळाला, तरी तो जपण्याची दक्षता आपणच घ्यावयाची असते. तेव्हा पालकहो, मुले खाते उघडतील तेव्हा त्यांच्याजवळ बसून विचारा : हा सर्व्हर कोण चालवतो? त्याचे नियम कोणते? आणि हा मजकूर पोस्टकार्डावर लिहिण्यासारखा आहे काय? सत्ता अनेकांत वाटली गेली, की जबाबदारीचा एक वाटा आपल्याही दारी येतो.