मुस्तफा आणि मोकळी जागा

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जो खेळ ‘मुस्तफा’ म्हणून गाजला, त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉमने तो १९९३ मध्ये काढला. मूळ गोष्ट मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकी कॉमिकमधली. खेळायला चार गडी मिळतात: सर्व बाबतीत मधला जॅक, वस्तू आणि हत्यारं वापरण्यात तरबेज हॅना, ताकदवान पण जड मेस आणि सगळ्यांत चपळ मुस्तफा. गोष्टीचा नायक जॅक, तरी खेळाला नाव पडलं मुस्तफाचं. कानाला ओळखीचं वाटणारं नाव तोंडात लवकर बसतं, हे त्याचं एक कारण असणारच. पण मला त्या नावात खेळणाऱ्यांची पारखही दिसते. हे मारधाडीचे खेळ मी वर्षानुवर्षं खेळत आलो आहे, आजही खेळतो, आणि माझं मत असं झालं आहे की त्यांत ठोशाला दुय्यम स्थान आहे. खरा प्रश्न एकच असतो: या क्षणी मी कुठे उभा आहे? ज्याचे पाय सगळ्यांत जलद, तो या प्रश्नाला सगळ्यांत लवकर उत्तर देऊ शकतो. पार्लरमधल्या पोरांनी नेमका तोच उचलला.

या खेळांवर ‘नुसती बटणं बडवायची’ असा शिक्का बसला आहे. बाजूला उभं राहून पाहिलं तर तसंच दिसतं. एक दांडी, दोन बटणं, एक मारायचं, एक उडी मारायचं. पण बडवून काय होतं ते पाहा. समोरच्या गुंडाला आपण ठोसे मारत राहतो, तो मागे सरकतो, आणि तेवढ्यात दुसरा वळसा घालून पाठीशी येतो. तो सरळ येत नाही, तिरका येतो, आणि आपल्या रेषेत आला की मारतो. या खेळांतली जमीन पडद्यावर वर-खाली पसरलेली असते, आणि रेषा जुळल्याशिवाय ना त्याचा ठोसा लागतो ना आपला. म्हणून अनुभवी हात आधी दांडीवर चालतो. अर्धं पाऊल वर सरकायचं, त्याला रेषा सोडायला लावायची, तो पुन्हा जुळवायला आला की त्या एका क्षणात आपण आधी मारायचं. एखाद्याला पकडलं तर आहे तिथेच बडवायचं नाही. बाकीचे जिकडून येत आहेत तिकडे त्याला फेकायचं, म्हणजे एकाच्या अंगाने तिघे आडवे होतात आणि आपल्या मागची बाजू मोकळी होते. माझं निम्मं लक्ष तरी मार देण्याकडे नसतंच. पडद्याच्या कुठल्या कडेने कोण येतंय आणि माझ्या पाठीमागे किती जागा उरली आहे, याचा हिशेब सतत चालू असतो. कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याचा हिशेब हाच असतो. समोर सात जण आहेत, पण भीती समोरच्याची नसते. कोपरारक्षक मागून कधी सरकला याची असते.

हे माझं खेळून खेळून झालेलं वेड नाही, या जातीच्या खेळांचा इतिहासच तसा आहे. १९८४ मध्ये आयरेम कंपनीचा ‘कुंग-फू मास्टर’ आला. ताकाशी निशियामा यांनी तो घडवला. त्यात पाच मजले चढायचे, पण माणसं एकाच रेषेवर पुढून आणि मागून येतात. वर-खाली सरकायला जमीनच नाही, त्यामुळे सगळा खेळ वेळ साधण्याचा. १९८६ मध्ये टेक्नोसच्या योशिहिसा किशिमोतो यांनी ‘कुनियो-कुन’ केला, जो जपानबाहेर ‘रेनेगेड’ म्हणून पोचला. त्यात जमिनीला खोली आली आणि गुंड चहूबाजूंनी घेरू लागले. त्या यंत्रावरची बटणं मला फार बोलकी वाटतात. ठोसा आणि लाथ अशी ती नव्हती. एक डावीकडे मारायचं, एक उजवीकडे मारायचं आणि मधलं उडीचं. म्हणजे काय मारायचं यापेक्षा कुठल्या दिशेला मारायचं हे आधी ठरवा, असं यंत्रच सांगत होतं. पुढच्याच वर्षी किशिमोतो यांच्या ‘डबल ड्रॅगन’ने त्या जमिनीवर दोन खेळाडू एकत्र उतरवले, आणि १९८९ च्या कॅपकॉमच्या ‘फायनल फाइट’ने माणसं मोठी केली, गर्दी वाढवली. ‘मुस्तफा’ त्याच घराण्यातला.

‘फायनल फाइट’मध्ये दोन्ही बटणं एकदम दाबली की आपला गडी गरगर फिरतो आणि भोवतीचे सगळे उडून पडतात. वेढ्यातून सुटायची ती हमखास वाट. पण तो वार कुणाला लागला की आपलीच लाइफ कमी होते. ‘मुस्तफा’तही हीच सोय आणि हीच किंमत. खेळ घडवणाऱ्यांनी ही किंमत ठोशाला लावली नाही, उडीला लावली नाही, घेरलं जाण्याला लावली. चुकीच्या जागी उभं राहिल्याचा तो दंड आहे. गुंडाच्या हातून एखादा मार खाल्ला तर मला तितकं लागत नाही, जितकं हे दोन्ही बटणांचं शस्त्र काढावं लागल्याचं लागतं. कारण तिथे चूक कधी झाली ते मला माहीत असतं. ती दोन-तीन सेकंदांपूर्वी झालेली असते, वर सरकायला वाव असताना मी जागचा हललो नाही तेव्हा.

याहून सबळ पुरावा हवा असेल तर तोही आहे, आणि तो कॅपकॉमनेच नकळत देऊन ठेवला. १९९० च्या अखेरीस ‘फायनल फाइट’ घरच्या टीव्हीवर, निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉमवर आला. कोडी आणि हॅगर या गड्यांचे ठोसे तेच, फेकाफेकी तीच, चित्रंही ओळखू येतील इतकी जवळची. पण त्या यंत्राची ताकद कमी. गाय हे पात्र गळलं, कारखान्याचा एक आख्खा टप्पा गळला, दोघांनी मिळून खेळायची सोय गेली. आणि एका वेळी समोर फार तर तीन गुंड. पडदाही आखडला: पार्लरच्या यंत्रावर चित्राची रुंदी ३८४ ठिपके, इथे २५६. मारामारीचं सगळं सामान शाबूत असूनही खेळ विरळ वाटतो. बटणं बडवण्यातच गंमत असती तर ती इथेही तशीच लागायला हवी होती. मारामारीत कमी झाली ती फक्त गर्दी आणि जागा, आणि तेवढ्याने जीव निघून गेला. हे दोन्ही ‘फायनल फाइट’ लागोपाठ खेळले की फरक डोळ्यांआधी हातांना कळतो. घरच्यात माझी दांडी बराच वेळ नुसतीच एका बाजूला दाबलेली असते.

आता एक आक्षेप असा की ही यंत्रं नाणी गिळायला बनवलेली. खेळाडू लवकर मरावा हाच त्यांचा हेतू, मग त्यात कसली आलीय कला? हा आक्षेप मी झटकणार नाही. खेळणारा जितका वेळ टिकेल तितका गल्ला कमी, हे गणित खेळ घडवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि काही जागा उघडउघड दुष्ट आहेत. ‘फायनल फाइट’चा शेवटचा बॉस बेल्जर धनुष्य घेऊन बाण सोडतो आणि त्याच वेळी त्याची माणसं आत घुसत राहतात, तिथे मला आजही अन्याय झाल्यासारखं वाटतं. पण हेच खेळ एका नाण्यात शेवटपर्यंत संपवणारे खेळाडू जगभर आहेत. यंत्र तेच, गुंड तेच, नाणंही एकच. एकाचं ते दुसऱ्या टप्प्यात संपतं आणि दुसऱ्याला शेवटापर्यंत पुरतं, तर या दोघांमधला फरक लोभाने समजावता येत नाही. नाण्याच्या धंद्याने उलट एक शिस्त लावली असं मला वाटतं. चूक कुठे झाली हे खेळणाऱ्याला दिसलं नाही तर तो पुन्हा खिशात हात घालत नाही. म्हणून मार कुठून आला ते स्पष्ट दिसावं लागतं. ‘फायनल फाइट’च्या पहिल्याच टप्प्यातला बॉस डॅम्ड पाहा. तो मधेच लढाई सोडून उंचावर जाऊन बसतो, शिट्टी मारून माणसं बोलावतो आणि हसत राहतो. चिडून त्याच्याकडे धावणारा घेरला जातो. त्याला तिथेच हसू देऊन, आलेली माणसं एका बाजूला लावून घेणारा पुढे जातो. हा धडा पहिल्याच बॉसजवळ ठेवला आहे.

दुसरा आक्षेप आईवडिलांचा: पोरं यातून मारामारी शिकतात. रस्त्यावरच्या गुंडगिरीला खेळाचं रूप दिलेलं आहे हे खरंच आहे, आणि ज्यांना ते पाहवत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. एवढंच सांगेन की तासभर खेळल्यावर मनात जे उरतं त्यात राग फारसा नसतो. नुकतीच रिकामी झालेली चौकटीतली जागा उरते. ‘मुस्तफा’त तिघं एकदम खेळू शकतात, आणि तीन अनोळखी माणसंही दोन-तीन टप्प्यांत आपोआप वाटण्या करून घेतात: एक डावी कड धरतो, एक उजवी, तिसरा मधल्यांना खाली खेचतो. डायनासोर आला की तिघंही बाजू देतात, कारण तो कुणाच्याच पक्षाचा नसतो. त्याच्या तडाख्यात गुंडही सापडतात. त्याला मधे घेऊन गुंडांना त्याच्या वाटेत आणणं हे तर निव्वळ जागेचंच कसब.

हे सगळं खेळून पाहिल्याशिवाय पटणं कठीण, आणि नेमकी इथे अडचण आहे. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ घरच्या कुठल्याही यंत्रावर कधी आला नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपले सात जुने मारधाडीचे खेळ एकत्र करून विकले, त्यात ‘फायनल फाइट’ होता, हा नव्हता. खेळ कॅपकॉमचा असला तरी पात्रं कॉमिकची, त्यामुळे परवानगी एका घरातून मिळत नाही. पण अशी गाठ सुटतच नाही असंही नाही. त्याच १९९३ सालचा, मार्व्हलच्या पात्रावरचा कॅपकॉमचा ‘द पनिशर’ वर्षानुवर्षं असाच अडकून होता, तो २०२४ च्या संग्रहात रीतसर बाहेर आला. तसा ‘मुस्तफा’ही यावा, तिघांना खेळता येईल असा, आणि पडदा ३८४ ठिपक्यांचाच ठेवून.