पहिल्या पानाची घाई

२०१० च्या नाताळच्या खरेदीत अमेरिकेत कुणी गुगलवर ‘ड्रेसेस’ एवढाच शब्द टाकला, तरी सर्वांत वर नाव यायचे जे. सी. पेनीचे. चादरी शोधा, गालिचे शोधा, तेच नाव. सॅमसोनाइटची प्रवासी बॅग शोधली, तर खुद्द सॅमसोनाइटच्याही वर पेनी. १९०२ साली सुरू झालेली ही दुकानांची साखळी मोठी खरीच, पण जिनसामागून जिन्नस तीच अव्वल कशी, हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या डेव्हिड सीगल यांना उमगेना. त्यांनी डग पिअर्स या जाणकाराला तपास करायला सांगितला. पेनीच्या पानाकडे बोट दाखवणाऱ्या लिंका पिअर्सना दोन हजारांवर पानांत सापडल्या. आणि ती पाने कसली? घोरण्यावरची, दंतवैद्यांची, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची, न्हाणीघराच्या फरश्यांची. कुणी फिरकत नाही अशी पडीक पाने. त्यांत कुठेतरी ‘इव्हनिंग ड्रेसेस’ असे शब्द, आणि त्यांवर क्लिक केले की थेट पेनीचे दुकान.

सीगल यांनी हे सारे गुगलपुढे ठेवले. ९ फेब्रुवारी २०११, बुधवार. संध्याकाळी ७ वाजता सॅमसोनाइटच्या बॅगांसाठी पेनी पहिल्या क्रमांकावर होती. ९ वाजता ७१व्या. ‘लिव्हिंग रूम फर्निचर’साठी तेवढ्याच वेळात पहिल्यावरून ६८व्या. या लिंका आपण लावल्या नाहीत, आपल्याला त्यांची माहितीही नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि एसईओचे काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकले.

एसईओच्या, म्हणजे शोधयंत्रात पान वर आणण्याच्या धंद्यात पडणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा तरी बारकाईने वाचावे. चोरी पकडली गेली म्हणून नव्हे. पेनीसाठी ज्याने कुणी त्या लिंका विकत घेतल्या, त्याने नेमके काय विकत घ्यायचा प्रयत्न केला, ते कळावे म्हणून. त्याला हवा होता वेळ. लोकांनी आपणहून एखाद्या पानाची शिफारस करावी यासाठी जी वर्षे जातात, ती त्याला पैसे टाकून गाळायची होती.

लिंकांना एवढे मोल का, हे समजायला स्टॅनफर्ड विद्यापीठात जावे लागते. १९९६ च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी तिथे शोधयंत्रावर काम करत होते. तोवरची यंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द पाहत, म्हणजे पान स्वतःबद्दल काय म्हणते ते. पण मुलीसाठी स्थळ बघताना मुलाकडच्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्यावर कोण विसंबते? शेजारीपाजारी चौकशी होते, कचेरीत होते, आणि ज्याच्याकडे चौकशी करायची त्याच्या शब्दाला किती वजन आहे, तेही पाहिले जाते. पेजरँक हे त्या दोघांचे गणित हेच करते. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत जितकी मोठी, तितके तिचे वजन जास्त. १९९८ मध्ये या गणितावर गुगल कंपनी उभी राहिली. शिफारशींना किंमत आली आणि शिफारशींचा बाजारही बसला.

‘गुगलवर एक नंबरला कधी येणार?’ नवे गिऱ्हाईक समोर बसले की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. याचे प्रामाणिक उत्तर गुगलनेच देऊन ठेवले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि सुधारणा करून त्यांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते. गिऱ्हाइकाला हे ऐकवणे अवघड असते. शेजारच्या गाळ्यातला कुणी ‘तीस दिवसांत पहिल्या पानावर’ असे छापलेले कार्ड देऊन गेलेला असतो. त्याच्या यादीत हजार लिंका असतात, शंभर पंचतारांकित अभिप्राय असतात आणि ‘कीवर्ड मेटा टॅग’ही असतो. हा टॅग आपण क्रमवारीसाठी पाहतच नाही, असे गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले, तरी तो अजून विकला जातो. अशा वेळी ठामपणे नाही म्हणता येणे हा या कामातला सर्वांत मोठा गुण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. यंत्राचे बारकावे शिकता येतात. समोरचा चेकबुक काढून बसलेला असताना नाही म्हणायला मात्र कस लागतो.

घाई मोठमोठ्यांनाही सुटलेली नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गुगलच्या यादीतून काढले गेले, कारण यंत्राला एक पान दाखवायचे आणि माणसाला दुसरीकडे वळवायचे, अशी दारे त्यांनी केली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या पुष्पगुच्छ पोहोचवणाऱ्या कंपनीने वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर पैसे देऊन लेख आणि लिंका छापून आणल्याचे उघड झाले. तिकडचा मातृदिन मार्चमध्ये येतो. फुलांचा धंदा ज्या दिवसांवर चालतो, त्यांच्या तोंडावर ११ दिवस ही कंपनी स्वतःच्या नावाने शोधली तरी सापडत नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी तर गुगलने आपल्याच क्रोम ब्राउझरच्या पानाला किमान ६० दिवसांची शिक्षा केली होती, कारण त्याच्या प्रचारमोहिमेत पैसे देऊन लिहवून घेतलेले लेख निघाले. याच काळात पांडा आणि पेंग्विन या नावांचे दोन मोठे बदल आले: फेब्रुवारी २०११ च्या पांडाने रद्दी मजकुराला खाली ढकलले, एप्रिल २०१२ च्या पेंग्विनने विकतच्या लिंकांना.

हंगामाशी बांधलेल्या धंद्यात ही घाई जास्त असते. त्यामुळे आपल्याकडे हा विषय शिकायचा, तर आंब्यावर शिकावा.

हापूसचा मोहोर थंडीत येतो, फळ मार्च ते मे. आपल्या मालाला दलालाशिवाय पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक मिळावे म्हणून आता देवगड-रत्नागिरीकडचे पुष्कळ बागायतदार संकेतस्थळ काढतात. फोन मात्र येतो अक्षय्य तृतीयेला आठ दिवस उरले असताना. ‘साइट झालीय, फक्त वर आणून द्या.’ त्या आठ दिवसांत एकच गोष्ट करता येते, जाहिरात. गुगलची जाहिरात लिलावावर चालते. बोली आणि जाहिरातीचा दर्जा मिळून जागा ठरते, आणि ऐन हंगामात सगळेच बोली लावत असल्याने एका क्लिकचा भाव चढलेला असतो. पैसे संपले की जाहिरात दिसेनाशी होते. जाहिरात वाईट नाही, नव्या माणसाला सुरुवातीला तिचा आधारच असतो, पण ती दर हंगामाला नव्याने भरायच्या भाड्यासारखी आहे.

जो बागायतदार डिसेंबरात येतो, त्याच्याबरोबर खरे काम करता येते. आधी उघडायचे सर्च कन्सोल. गुगलचे हे फुकट साधन आपले पान कुठल्या शोधांत दिसले, किती वेळा दिसले आणि किती जणांनी त्यावर क्लिक केले, ते ओळीओळीने सांगते. एक ओळ नेहमी भेटते: ‘देवगड हापूस पुणे घरपोच’, दिसले हजारो वेळा, क्लिक दोन आकडी. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. निकालात दिसणाऱ्या निळ्या ओळीत लिहिलेले असते ‘होम’. संकेतस्थळ करणाऱ्याने ते तसेच सोडलेले. तिथे ‘देवगड हापूस, ५ डझनाची पेटी, पुण्यात घरपोच’ एवढे लिहिले, तरी पान जागचे न हलता क्लिक वाढतात. मग भाव पाहायचा. तो असतो व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या बॅनरमध्ये, आंब्याच्या फोटोवर सोनेरी अक्षरांत. तो अक्षरांत लिहून काढायचा, म्हणजे यंत्रालाही वाचता येतो आणि मोबाइलवर डोळे ताणणाऱ्या आजोबांनाही. मराठी संकेतस्थळांनी हा धडा पूर्वी मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी पाने खास फाँटांत असत. पडद्यावर ‘आंबा’ दिसे, पण त्याखाली साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. अस्सल मराठीत लिहिलेला तो मजकूर मराठीतून शोधणाऱ्याला सापडतच नसे.

यानंतरचे काम खरे रंजक. लोक काय विचारतात ते गोळा करायचे. सर्च कन्सोलमधून, गुगल स्वतः सुचवते त्या पुढच्या प्रश्नांतून, आणि सर्वांत चांगले म्हणजे बागायतदाराच्या घरातल्या फोनवरून. पेटी कच्ची येते की पिकलेली? किती दिवस आढीत ठेवायची? कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून तर देत नाही ना? कार्बाइड वापरता का? (कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवून विकण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे.) २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून नोंदणीविषयीही विचारणा होते. नोंदणीकृत बागायतदाराने आपला क्रमांक पानावर ठळक द्यावा.

आणि मग एक प्रश्न येतो, ज्यापाशी बागायतदार अडतो: हापूस कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा का निघतो? हा साका. बाहेरून फळ देखणे असते, हाताला कळत नाही, सुरी लागेपर्यंत विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कोकणात प्रत्येक बागवाल्याला तो माहीत आहे. पण त्यावर पान लिहा म्हटले की उत्तर येते, ‘आपणच आपल्या मालाची बदनामी करायची का?’ इथे हटून बसावे. ज्याने हा प्रश्न टाइप केला, त्याच्या ताटात तो आंबा आधीच येऊन गेला आहे. त्याला कुणीतरी खरे सांगायला हवे: साका म्हणजे कीड नव्हे, रसायनाचा परिणामही नव्हे, झाडावर आणि तोडणीनंतर फळाला लागणाऱ्या उष्णतेशी त्याचा संबंध जोडला जातो, तोड वेळेवर, थोडी आधी केली, फळ उन्हात न ठेवता सावलीत नेले, तर त्याचे प्रमाण कमी राहते, आणि आमच्या पेटीत निघाला, तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळे जादा देऊ. असे पान लिहिलेला बागायतदार लोकांच्या लक्षात राहतो. एखादी गृहिणी सोसायटीच्या गटात तो दुवा टाकते, पाककृती लिहिणारी कुणी त्याचा उल्लेख करते. या शिफारशी खऱ्या असतात, आणि त्या गोळा व्हायला दोन-तीन हंगाम जातात.

एक बारीक गोष्ट, जी दरवर्षी सांगावी लागते: पानाचा पत्ता बदलू नये. ‘हापूस-२०२३’, ‘हापूस-२०२४’ अशी दर साली नवी पाने काढली की आदल्या वर्षी मिळवलेले सारे जुन्या पत्त्यावर पडून राहते. पत्ता एकच ठेवावा, आत भाव आणि तारखा बदलाव्यात. जूनमध्ये पेट्या संपल्या की पान काढून टाकण्याची हौस अनेकांना असते. तेही करू नये. ‘यंदाचा हंगाम संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा’ एवढी ओळ पुरते.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगल काही प्रश्नांना इंग्रजीत आणि हिंदीत वरच्या वर यंत्रानेच रचलेले उत्तर देऊ लागले. साका का होतो, पेटी आढीत किती दिवस ठेवायची, याची उत्तरे आता कुठल्याही पानावर न जाता मिळू शकतात. ज्यांनी इकडून तिकडून उचललेल्या सर्वसाधारण माहितीवर पाने रचली, त्यांना याचा फटका बसेल, आणि प्रस्तुत लेखकाला त्याचे फार दुःख नाही. मात्र मेहनतीने लिहिणाऱ्यांची पानेही यात वाचून वापरली जातात आणि वाचक त्यांच्या दारी पोहोचत नाही. हा अन्याय आहे, तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

म्हणून पानावर काय लिहायचे, याचा विचार आता अधिक नेमका करावा लागतो. साका म्हणजे काय, हे यंत्र सांगेल. या बागेतली तोड कोणत्या तारखेला झाली, २५० ग्रॅमच्या फळाची पेटी कितीला, खराब फळाची भरपाई कशी होते, पावसाने मोहोर गळाला त्या वर्षी किती पेट्या कमी निघाल्या, हे बागेतला माणूसच सांगू शकतो. त्यासाठी यंदा हंगामभर फोनवर आलेले प्रश्न कुणीतरी वहीत उतरवून ठेवायला हवेत, आणि त्यांची उत्तरे पुढचा मोहोर येण्याआधी पानावर चढायला हवीत.