वरवंट्याचा पत्ता

ज्या गावाचं नाव आख्ख्या तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात आहे, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात! उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुनी जोती उघडी पडतात. दोन वर्षांपूर्वी तिथल्या गाळातून मी एक वरवंटा उचलला आणि पुण्याला आणून टीव्हीशेजारी मांडला. मामा घरी आले, त्यांनी तो हातात घेतला आणि विचारलं, "कुणाच्या घरातला रे?"

काय सांगणार? कपाळ!

पुढे एका विकांताला गोव्याच्या सुंची खडकाबद्दल वाचत बसलो होतो. १७व्या शतकातलं एक पोर्तुगीज जहाज तिथे बुडालं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांडी सापडली. जहाजाचं लाकूड कुजतं, किडे खातात. मग कुठली वस्तू कुठे आणि कशाशेजारी पडली होती, यावरूनच जहाज ओळखायचं. म्हणून पाण्याखालच्या उत्खननात वस्तू आधी उचलत नाहीत. तळाशी पक्क्या खुणा करायच्या, टेप ताणायचा, निदान दोन खुणांपासून वस्तूचं अंतर मोजायचं, क्रमांक द्यायचा, फोटो काढायचा, प्लॅस्टिकच्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढायचं (पेन्सिल पाण्यातही उमटते). उचलायचं ते त्यानंतर.

आमच्या धंद्याच्या भाषेत, उत्खनन म्हणजे अनडू नसलेलं डिलीट. नोंद हाच बॅकअप.

यंदा मामांना घेऊन परत गेलो. एका जोत्याचे दोन कोपरे पक्के धरले, ३० मीटरचा टेप काढला. दोन अंतरांवरून वस्तूची जागा मिळते, फक्त ती रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते लिहायला विसरायचं नाही. मी विसरलो, चार मापं पुन्हा घेतली! मामा काठीने दाखवत होते. हे आपलं, हे सुतारांचं, इथे आजी दळायला बसायची. टेपला यातलं काहीच कळत नाही. मामा पंचाहत्तरीला आलेत.

संध्याकाळपर्यंत २३ नोंदी झाल्या. एकही वस्तू उचलली नाही. वरवंटा सोबत नेला होता, पण ठेवणार कुठे? परत आणला. वहीत त्याची २४वी नोंद आहे:

वरवंटा, दगडी. जागा: माहीत नाही. उचलणारा: मी.