पोस्ट

परवा माझ्या नातीने पी, ओ, एस, टी ही चार इंग्रजी अक्षरे उलटसुलट मांडली. मांडणीचे प्रकार चोवीस; त्यांतून पोस्ट, स्टॉप, स्पॉट, पॉट्स, टॉप्स व ऑप्ट्स हे सहा शब्द निघाले. टपाल, थांबणे, डाग, भांडी, भोवरे आणि 'निवड करतो'!

एकट्या 'पोस्ट'चेच अर्थ पाहा. खांब हा एक. दुसरा नोकरीची जागा. तिसरा टपाल, कारण पूर्वी पत्रे नेण्यासाठी रस्त्यावर टप्प्याटप्प्याने स्वार ठेवीत. हल्ली भ्रमणध्वनीवरील मजकूरही पोस्टच. आपल्याकडेही 'सैंधव आण' म्हटल्यास भोजनसमयी मीठ आणावे, प्रयाणसमयी घोडा, असे शास्त्रकार सांगतात. अर्थ ठरतो तो प्रसंगावरून.

हे सर्व मला मुखोद्गत होते. तरीही वर्गातील एका मुलाने 'ही लॉस्ट हिज पोस्ट' याचा अर्थ 'त्याचे टपाल हरवले' असा केला, तेव्हा मी सर्वांदेखत हसलो. वास्तविक मागचापुढचा संदर्भ मीच दिला नव्हता. त्या दिवसापासून त्या मुलाने उत्तरासाठी हात वर केला नाही. आता माझी पोस्ट संपली आहे. त्याला क्षमेचे पत्र लिहावे, तर पत्ता ठाऊक नाही.

भोवरे ऐकून नात म्हणाली, "नाही आजोबा, टॉप्स म्हणजे कानातले!" हसू ओठांपर्यंत आले होते, ते आवरून मी म्हटले, "वाक्य सांग पाहू."

"आईने टॉप्स घातले."

वाक्य बिनचूक होते.