अतिथी आणि वाटेकरी

आपल्या समाजातील मुले-मुली आता शिक्षणासाठी लंडन, मेलबर्न, टोरांटोला सहज जातात. त्यांना निरोप देताना घरातल्या थोरांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो : जेवणाचे काय? थेपले, खाकरे, शेवया, मुगाचे पापड यांनी पेट्या भरतात. तिथे कोणी आपला माणूस आहे का, देरासर किंवा स्थानक किती दूर, याची चौकशी होते. ही काळजी जुनी आहे. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मांस, मदिरा आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली होती. ती पाळताना लंडनमध्ये त्या तरुणाची उपासमार होत असे. ज्या विधवा बाईंच्या घरी ते राहत, त्यांच्या मुली दया येऊन पावाचे एक-दोन तुकडे जास्त वाढीत. पण भूक अख्ख्या पावाची होती आणि मागण्याचा संकोच त्याहून मोठा. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा कुठे ते पोटभर जेवले.

ही हकिकत आपण मुलांना प्रतिज्ञापालनाचा आदर्श म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तिला दुसरीही एक बाजू आहे. परक्या घरात विद्यार्थी अर्धपोटी राहतो, तो यजमानाच्या कंजूषपणामुळे नव्हे. वाढणारे हात मायेचे असूनही त्याला नेमके काय हवे, हे विचारण्याची वाट दोन्ही बाजूंना सापडलेली नसते.

आमच्या पुण्यात हा विषय नवा नाही. आशिया-आफ्रिकेतील कित्येक देशांतून विद्यार्थी येथे येतात. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला त्याच्याच देशाची मुलगी खिडकीतून जेवण देत असल्याचे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिले, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणाच्या त्या दर्शनातून १९७१ साली ‘सिंबायोसिस’ उभी राहिली. मात्र संस्था कितीही मोठी झाली, तरी विद्यार्थी संध्याकाळी ज्या दारातून आत शिरतो, ते दार संस्थेचे नसते. ते कोणातरी घरमालकाचे असते.

असे एक दार आमचेही होते. मुलगा परदेशी गेल्यावर वरची खोली रिकामी होती. परिचयातील एका प्राध्यापिकेने केनियाच्या नाकुरू शहरातून वाणिज्य शिकायला आलेल्या मुलीविषयी विचारले. चार ठिकाणी तिला खोली रिकामी असल्याचे फोनवर सांगण्यात आले होते आणि प्रत्यक्ष तिला पाहिल्यावर ‘कालच दिली’ असे उत्तर मिळाले होते. आमच्या इमारतीतही कुजबुज झाली. एका शेजाऱ्यांनी घरी येऊन स्पष्ट विचारले, “आपल्या आचाराचे काय?” प्रश्न गैर नव्हता. जैन घराच्या स्वयंपाकघराला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आमच्या सासूबाईंच्या सत्तर वर्षांच्या चौविहाराने राखलेली होती.

निर्णय सासूबाईंनीच दिला. त्या म्हणाल्या, “आधी तिला विचारा तरी.”

मग समोरासमोर बसून बोलणे झाले. घरात मांस, मच्छी, अंडे येणार नाही. कांदा, लसूण, बटाटाही नाही. सूर्यास्तानंतर चूल पेटणार नाही. बाहेर तू काय खातेस, हे आम्ही विचारणार नाही. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच शंका काढली : महाविद्यालयातून यायला उशीर झाला, तर उपाशी झोपायचे का? डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “नियम माझा आहे, भूक तुझी आहे. तुझे ताट मी दिवस असतानाच वाढून, झाकून ठेवीन.” व्रत ज्याने घेतले त्याने पाळायचे, त्याचा भार दुसऱ्यावर टाकायचा नाही, हे इतक्या थोड्या शब्दांत मी कुठल्या प्रवचनात ऐकले नव्हते. भाडेकरार, पोलीस पडताळणी, परदेशी व्यक्ती राहायला आल्यावर चोवीस तासांच्या आत भरायचा ‘सी फॉर्म’ हे सोपस्कार त्यापुढे फारच सोपे वाटले.

पहिल्या महिन्यात आम्ही तिला पाहुणी म्हणून फार जपले. ताट उचलू दिले नाही, पाण्याचा ग्लासही हातात दिला. ती मात्र कोमेजत चालली होती. एके दिवशी तिने स्वाहिली भाषेतली एक म्हण सांगितली. तिचा अर्थ असा की, पाहुण्याला दोन दिवस पाहुणा म्हणून ठेवा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आम्ही हसलो; पण ती हसत नव्हती. सासूबाईंनी त्याच दुपारी तिच्या हाती पोळपाट-लाटणे दिले आणि पापडाच्या लाट्या पुढे सरकवल्या.

तेव्हापासून घर बदलले. ती माझ्या नातवाबरोबर बाराखडी गिरवू लागली. भाषेची गंमत अशी निघाली की व्यापाऱ्यांचे अर्धे शब्द तिला आधीच येत होते. दुकानाला तिकडे ‘दुका’ म्हणतात, हिशेबाला ‘हेसाबू’, साबणाला ‘साबुनी’, कलमाला ‘कलामू’, गाडीला ‘गारी’. चाय आणि चपाती तर जशाच्या तशा. काही शब्द अरब व्यापाऱ्यांनी तिकडे नेले, काही आपल्या लोकांनी. जामनगरकडचे हालारी विसा ओसवाल शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नैरोबी-मोंबासाला गेले, तिथे त्यांनी दुकाने थाटली, पुढे देरासरेही बांधली. आपल्या माणसांना ज्या भूमीने जागा दिली, तिथली एक मुलगी आपल्याकडे जागा शोधत होती, हे लक्षात आल्यावर आमच्या शेजाऱ्यांचाही स्वर थोडा मऊ झाला.

एका अष्टमीला घरात हिरवी भाजी नव्हती. तिने वाळलेला मका आणि राजमा रात्री भिजत घातला आणि सकाळी एकत्र शिजवला. तिकडे त्याला ‘गिथेरी’ म्हणतात. कांद्याऐवजी तिने जिरे-हिंगाची फोडणी दिली. मक्याच्या पिठाची घट्ट ‘उगाली’ पाहून सासूबाई उद्गारल्या, “ही तर आपल्या मारवाडातल्या घाटीची बहीण!” तेव्हापासून आठम-चौदसला गिथेरी हा आमच्या घरचा पदार्थ झाला. परदेशी विद्यार्थ्याने आपल्याशी जुळवून घ्यावे, असे आपण म्हणतो. जुळणे एका बाजूने होत नाही, हे त्या पातेल्याने दाखवले.

दुसऱ्या वर्षी तिची आजी गेली. तिकिटाचे पैसे जमवून वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. तिकडे दफन होईपर्यंत रोज संध्याकाळी आप्तस्वकीय घरी जमतात, बसतात, गातात. ती वरच्या खोलीत एकटी होती. गुडघे दुखत असतानाही सासूबाई जिना चढून गेल्या आणि तिचा हात धरून नवकार म्हणत बसल्या. त्यांना तिची भाषा येत नव्हती, तिला नवकाराचा अर्थ ठाऊक नव्हता. थोड्या वेळाने दार वाजले. ज्या शेजाऱ्यांनी आचाराचा प्रश्न विचारला होता, त्यांच्या पत्नी खिचडीचे पातेले घेऊन उभ्या होत्या. “सुतकाच्या घरी चूल कशी पेटणार? दिवस आहे तोवर जेवून घ्या,” एवढेच त्या बोलल्या. नाकुरूची आजी त्या दिवशी आमच्या इमारतीची झाली.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत म्हणजे अतिथिसंविभाग. त्याचा मूळ रोख साधु-साध्वींना निर्दोष आहार देण्याकडे आहे, हे मी जाणते. जेवायला बसण्यापूर्वी क्षणभर थांबून, कोणी महासती गोचरीला याव्यात, अशी भावना भावण्याची रीत आमच्या घरी आजही आहे. परदेशी विद्यार्थिनीला त्या स्थानी बसवण्याचा माझा हेतू नाही. पण त्या व्रतासाठी योजलेला शब्द विचार करण्यासारखा आहे. तो नुसता ‘दान’ नाही, ‘संविभाग’ आहे. आपल्यासाठी जे आहे, त्यातला नीट काढलेला वाटा. वाटा देताना समोरच्याची गरज पाहावी लागते. आणि वाटा घेणारा केवळ उपकृत राहत नाही, तो वाटेकरी होतो. व्यापारी घरांना वाटेकरी या शब्दाचे वजन समजावून सांगायला नको.

आपल्या समाजाने परगावी शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली. मुंबईचे श्री महावीर जैन विद्यालय १९१४ सालापासून हे काम करीत आले आहे. आपल्या मुलांसाठी जी दृष्टी त्या पिढीने दाखवली, तिचा थोडा भाग दारात आलेल्या परक्या मुलांसाठी राखून ठेवता येईल. प्रत्येकाकडे रिकामी खोली नसते, आणि ती द्यावी असाही आग्रह नाही. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहे ओस पडतात आणि ज्यांना घरी जाता येत नाही अशी मुले मागे राहतात. त्यांतील एकाला पाडव्याच्या दिवशी जेवायला बोलावावे. आपले नियम संकोच न करता सांगावेत, त्याचेही ऐकून घ्यावे. आणि जेवण झाल्यावर तो आपले ताट उचलू लागला, तर त्याला थांबवू नये.